कापलेला एक टक्का ही कारीगराची अमानत आहे

कापडाच्या धंद्यात आमच्या अवतीभवती ज्या पेढ्या आहेत त्यातील बऱ्याचशा एकट्या मालकाच्या आहेत. मालक तोच, मुनीम तोच आणि रात्री गोदामाला कुलूप लावणाराही तोच. असा व्यापारी सूत खरेदी करतो, सायझिंगवाल्याकडून बीम तयार करून घेतो, ते यंत्रमागवाल्याकडे विणायला देतो, कोरे कापड प्रोसेसला पाठवितो आणि तयार तागे बाजारात आणतो. त्याच्या मालकीचा एकही माग नसतो. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, अशा व्यापाऱ्याचा सगळा व्यवहार दुसऱ्यांना दिलेल्या मजुरीवर चालतो. नेमका या मजुरीवरच आयकर कायद्याचा एक नियम बसलेला आहे आणि आपल्या व्यापारी बांधवांचे त्याकडे लक्ष जाते ते बहुधा नोटीस हातात पडल्यावरच.

हा नियम म्हणजे कंत्राटदाराला पैसे देताना करकपात करण्याचा, ज्याला बाजारात सगळे टीडीएस म्हणतात. १९६१ च्या आयकर कायद्यात तो कलम १९४ सी या नावाने ओळखला गेला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांसाठी २०२५ चा नवा आयकर कायदा असून त्यात हीच तरतूद कलम ३९३ च्या कोष्टकात आहे. कलमाचा नंबर बदलला, फॉर्मचे नंबर बदलले, पण जबाबदारी तीच राहिली. म्हणून 'नवा कायदा आला, जुने विसरा' असे जर कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

'मी एकटा मालक, मला काय लागू?'

हा प्रश्न आम्ही बाजारात वारंवार ऐकतो. पूर्वी त्यात तथ्य होते. १९७२ साली हे कलम आले तेव्हा त्याचा रोख सरकारी खाती, कंपन्या व संस्था यांच्यावर होता. एकट्या मालकाच्या पेढीने थेट कंत्राटदाराला दिलेल्या रकमेवर कपात करण्याची सक्ती १ जून २००७ पासून आली. तरीही जुन्या पिढीच्या डोक्यात 'हे कंपनीवाल्यांचे काम' अशी जी गाठ बसली ती अजून सुटलेली नाही.

आता नियम साधा आहे. मागील आर्थिक वर्षात तुमच्या धंद्याची एकूण विक्री एक कोटी रुपयांपेक्षा जास्त झाली असेल तर चालू वर्षात तुम्हाला ही कपात करावी लागते. डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांसाठी ही मर्यादा ५० लाखांची आहे. पाहायचे ते मागचे वर्ष, चालू वर्ष नव्हे. म्हणूनच ज्याचा धंदा यंदाच सुरू झाला त्याला पहिल्या वर्षी ही जबाबदारी नाही. मात्र एकाच पॅनवर दोन नावांनी दोन दुकाने चालत असतील तर दोन्हींची विक्री एकत्र धरावी लागेल.

यातही एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'आम्ही अंदाजे नफ्याच्या योजनेत विवरण भरतो, आमचे ऑडिट होत नाही, म्हणून टीडीएसही नाही.' हे चूक आहे. २०२० च्या वित्त कायद्याने टीडीएसची मर्यादा ऑडिटपासून अलग केली आणि एक कोटीचा आकडा सरळ लिहून टाकला. ऑडिट होवो न होवो, विक्री एक कोटीच्या वर गेली की जबाबदारी आलीच. कापडाच्या धंद्यात एक कोटीची विक्री म्हणजे काही श्रीमंती नव्हे. दोन-तीन टक्के सुटले तरी व्यापारी शुक्र मानतो, अशी या धंद्याची अवस्था आहे. परंतु कायदा नफा पाहत नाही, विक्री पाहतो.

किती आणि कशावर?

ज्याला मजुरी द्यायची तो एकटा मालक किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एक टक्का, भागीदारी पेढी किंवा कंपनी असेल तर दोन टक्के. एका वेळची रक्कम ३० हजारांपेक्षा जास्त झाली की कपात करायची. एका वेळची रक्कम लहान असली तरी वर्षभरात त्याच माणसाला दिलेली बेरीज एक लाखाच्या वर जात असेल, तरीही करायची. काही मंडळी २९ हजारांची बिले बनवून सुटका झाली असे समजतात. चार बिले झाली की बेरीज १ लाख १६ हजार होते आणि सुटका तिथेच संपते.

कपात केव्हा करायची यावरही घोटाळा होतो. रक्कम त्याच्या खात्यावर जमा करण्याची तारीख आणि प्रत्यक्ष देण्याची तारीख, यातील जी आधी येईल तिथे कपात. म्हणजे ईदेच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर यंत्रमागवाल्याला आपण जी उचल देतो, तीही यात आली. उचल दिली तेव्हा कापले नाही आणि बिल आल्यावर पाहू म्हटले, तर तेवढ्या महिन्यांचे व्याज आपल्या गळ्यात पडते.

आता मजुरी कशाला म्हणायचे? आपण आपले सूत दिले आणि पिकाच्या भावाने विणाईचे पैसे दिले, तर ती उघड मजुरी आहे. सायझिंग, रंगाई, शिलाई, भरतकाम हे सारे तसेच. यंत्रमागवाल्याने स्वतः बाजारातून सूत घेऊन कापड विणले आणि आपण ते खरेदी केले, तर ती खरेदी झाली, तिच्यावर या नियमाने कपात नाही. पण या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे, तिथे बरेच जण ठेचकाळतात. आपण यंत्रमागवाल्याला सूत बिलाने विकतो आणि तेच सूत विणून झाल्यावर कापड बिलाने परत घेतो. कागदावर दोन्ही बाजूंनी विक्री दिसते. परंतु कायदा म्हणतो की ग्राहकाकडूनच घेतलेल्या मालापासून त्याच ग्राहकाच्या गरजेनुसार वस्तू बनवून दिली तर ते कामच होय. २०२० पासून तर सूत आपल्या सख्ख्या भावाच्या पेढीतून दिले तरी ते आपणच दिले असे धरले जाते. अशा बिलात मालाची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असेल तर कपात फक्त मजुरीवर. वेगवेगळी लिहिली नसेल तर साऱ्या बिलावर. दोन ओळी वेगळ्या लिहिण्याचा आळस इतका महाग पडतो. जीएसटीची रक्कम बिलात वेगळी दाखविली असेल तर तिच्यावरही कपात नाही.

आपल्याच गोदामात पगारावर ठेवलेला नोकर यात येत नाही, त्याचा नियम वेगळा. स्वतःचे घर दुरुस्त करविणाऱ्यालाही खाजगी कामासाठी हे कलम लागत नाही. फक्त घराच्या कंत्राटदाराला वर्षात ५० लाखांच्या वर रक्कम जात असेल तर त्यासाठी निराळे कलम आहे आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर दोन टक्के आहे.

७,२०० वाचवून ६७ हजार भरणे

समजा एका व्यापाऱ्याची मागील वर्षाची विक्री १ कोटी ४० लाख आहे. तो एका यंत्रमागवाल्याला दरमहा ६० हजार मजुरी देतो. वर्षाचे झाले ७ लाख २० हजार, आणि त्याचा एक टक्का ७,२०० रुपये. हे पैसे व्यापाऱ्याच्या खिशातून जायचे नाहीत. ते यंत्रमागवाल्याच्या मजुरीतून कापून सरकारात भरायचे, एवढेच. समजा त्याने ते केले नाही. मग हिशोबाच्या वेळी या खर्चातील ३० टक्के रक्कम, म्हणजे २ लाख १६ हजार, खर्च म्हणून मान्य होत नाही. ती उत्पन्नात मिळविली जाते. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर त्यावर ६४,८०० रुपये कर आणि चार टक्के उपकर मिळून ६७,३९२ रुपये होतात. न कापलेल्या रकमेवरचे दरमहा एक टक्का व्याज निराळे. २०१४ पूर्वी तर ३० टक्के नव्हे, सगळाच खर्च नामंजूर होत असे.

यातून सुटण्याचा एक मार्ग कायद्याने ठेवला आहे. ज्याला मजुरी दिली त्याने आपल्या विवरणात ती दाखवून कर भरला असेल आणि सनदी लेखापालाने तसा दाखला दिला असेल, तर नामंजुरी टळते. पण त्यासाठी तो कारीगर विवरण भरणारा हवा आणि वर्षभरानंतर आपल्यासाठी कागद द्यायला तयारही हवा. ज्याची मजुरी आपण दोन-दोन महिने अडकवून ठेवली, तो अशा वेळी का धावून येईल?

कापले पण भरले नाही, याची शिक्षा याहून मोठी. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि मार्चची कपात ३० एप्रिलपर्यंत भरायची असते. उशीर झाला तर दरमहा दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडा पुरा महिना धरतात. त्यानंतर तिमाही विवरण. त्याच्या तारखा ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. इथे उशीर झाला तर दररोज २०० रुपये शुल्क, कराच्या रकमेइतके होईपर्यंत. वरच्या उदाहरणात तिमाहीचा कर १,८०० रुपये होतो. म्हणजे नऊ दिवस उशीर झाला की शुल्कच कराइतके झाले. हे शुल्क कोणाला सांगून माफ होत नाही.

खरा प्रश्न कोणाच्या पैशाचा आहे?

इथपर्यंतचे सारे नुकसान व्यापाऱ्याचे आहे, आणि व्यापारी आपले नुकसान आज ना उद्या ओळखतो. आमची खरी तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे, आणि ती आपल्याच बांधवांशी आहे.

चार-सहा माग चालविणाऱ्या माणसाच्या मजुरीतून आपण एक टक्का कापतो तेव्हा ते पैसे सरकारचेही झालेले नसतात आणि आपले तर मुळीच नसतात. ते त्या माणसाने आगाऊ भरलेल्या कराचे पैसे आहेत आणि आपण फक्त पोहोचविणारे आहोत. दुसऱ्याची अमानत गल्ल्यात ठेवून आपला माल फिरवावा, याला आपल्या बाजारात पूर्वी काय म्हणत असत ते सांगायला नको. तरीही 'टीडीएस कापला' असे बिलावर लिहून ती रक्कम महिनोन्महिने न भरणारे व्यापारी आहेत. काही जण भरतात, पण पॅनचा एक आकडा चुकीचा टाकतात. मग पैसे तिसऱ्याच्याच नावावर जातात किंवा कोणाच्याच जात नाहीत. दुरुस्तीचे विवरण भरता येते, पण त्यालाही मुदत आहे आणि करणार कोण?

नव्या करपद्धतीत २०२५-२६ च्या वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे लहान यंत्रमागवाल्याला, शिलाई कारखानदाराला प्रत्यक्षात कर द्यावाच लागत नाही. त्याच्या मजुरीतून कापलेला पैसा त्याला परत मिळायला हवा. पण परत केव्हा मिळेल? आपण वेळेवर भरला, विवरणात त्याचा पॅन बरोबर दाखविला, त्याला दाखला दिला आणि त्याने स्वतः विवरण भरले तरच. या साखळीतील पहिल्या तीन कड्या आपल्या हातात आहेत. आपण त्या तोडल्या तर त्याच्या दृष्टीने टीडीएस म्हणजे दलालीसारखी आणखी एक कपात होय. तो म्हणतो, 'शेठ, पिकाचा भाव ठरला तेव्हा हे कुठे ठरले होते?' या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते दाखल्याच्या कागदानेच देता येते, तोंडाने नव्हे.

काही ठिकाणी याच्या उलटही चालते. यंत्रमागवाला म्हणतो, 'एक टक्का कापाल तर दुसऱ्याचे बीम लावतो.' व्यापारी घाबरून कपात करीत नाही, किंवा तो एक टक्का आपल्या खिशातून भरतो. आमच्या मते हा मार्गही बरा नव्हे. एकाने सोडले की शेजारच्यालाही सोडावे लागते, आणि जो नियमाने चालतो त्याचेच माग रिकामे होतात. साऱ्या बाजाराने एकसारखे वागले तर हा दबाव राहणार नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, टॅन नंबर काढणे. हा दहा अक्षरी नंबर पॅनपेक्षा वेगळा आहे आणि त्याशिवाय ही कपात भरताच येत नाही. दुसरी गोष्ट, नव्या कारीगराकडे पहिले बीम पाठविण्यापूर्वीच त्याच्या पॅनची नक्कल घेणे. पॅन नसेल तर एक टक्क्याऐवजी २० टक्के कापावे लागतात. पॅन आधारशी जोडलेला नसल्यामुळे निष्क्रिय झाला असेल तरी तीच गत. ६० हजारांच्या मजुरीत १२ हजार कापले तर तो माणूस घर कसे चालवील? तेव्हा त्याला आधीच सांगून, जरूर पडल्यास बरोबर माणूस देऊन, हे काम करवून घ्यावे. तिसरी गोष्ट, टेम्पो आणि ट्रकवाल्याकडून लेखी घेणे. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्या वाहतूकदाराने पॅनसह तसे लिहून दिले तर त्याच्या भाड्यावर कपात करावी लागत नाही. मात्र ती रक्कम तिमाही विवरणात दाखवावी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चौथी गोष्ट, विवरण भरल्यावर पंधरा दिवसांत दाखला काढून कारीगराच्या हातात देणे. हा दाखला देणे मेहरबानी नाही, कायद्याने आपल्यावर टाकलेले काम आहे.

'आमचा अकाउंटंट पाहतो' हे उत्तर पुरेसे नाही. अकाउंटंटला उचल दिल्याचे कळत नाही, सुताचे बिल कोणाच्या नावाने फाटले ते कळत नाही. तो वर्षाच्या शेवटी थैलीभर कागद घेऊन बसतो. नोटीस मात्र मालकाच्या नावाने येते, आणि ती इंग्रजीत येते. आमच्यासारखे उर्दू शाळेत शिकलेले, बाजारात मराठी आणि हिंदी बोलणारे व्यापारी ती नोटीस टेबलाच्या खणात टाकतात आणि व्याज वाढत राहते. यावर उपाय म्हणजे यंत्रमागधारकांच्या व व्यापाऱ्यांच्या संघटनांनी प्रत्येक गावात एक टेबल मांडावे. तिथे आठवड्यातून एक दिवस जाणकार माणूस बसावा. त्याने उर्दू-मराठीत नोटीस वाचून सांगावी आणि लहान कारीगरांचे परताव्याचे विवरण भरून द्यावे. सत्काराच्या जलशांवर होणाऱ्या खर्चात हे सहज भागेल.

सरकारकडे मागणी

आपले कर्तव्य सांगून झाले, आता सरकारलाही दोन गोष्टी सांगणे भाग आहे. ३० हजारांची मर्यादा १ जुलै २०१० पासून आणि एक लाखाची १ जून २०१६ पासून जागची हललेली नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात दलालीची मर्यादा १५ हजारांवरून २० हजार झाली, व्यावसायिक शुल्काची ३० हजारांवरून ५० हजार झाली, भाड्याचीही वाढली. कंत्राटी मजुरीच तेवढी मागे राहिली. तसेच जो व्यापारी पाच टक्क्यांपेक्षा जास्त रोखीचा व्यवहार करीत नाही, त्याची ऑडिटची मर्यादा २०२० मध्ये पाच कोटी आणि २०२१ मध्ये दहा कोटी झाली. मग टीडीएसची एक कोटीवरच का राहावी? ज्याचे वर्षाचे हिशोब तपासण्याची सरकारला गरज वाटत नाही, त्याच्याकडून दर महिन्याला फुकट वसुलीचे काम मात्र घ्यायचे, यात आम्हाला न्याय दिसत नाही.

दुसरी मागणी कारीगरांसाठी आहे. बँकेत ठेव ठेवणारा माणूस 'माझे उत्पन्न करपात्र नाही' असा फॉर्म देऊन कपात टाळू शकतो. दहा ट्रकचा मालक लिहून देऊन सुटू शकतो. चार मागांचा मालक मात्र सुटू शकत नाही. त्याने आयकर अधिकाऱ्याकडे कमी दराच्या दाखल्यासाठी अर्ज करावा, असे कायदा म्हणतो. मागाच्या खडखडाटात बारा तास उभा राहणारा माणूस हा अर्ज कधी करणार? त्यालाही तसेच साधे घोषणापत्र देता यावे. सरकारला रकमेची नोंद हवी असेल तर ती वाहतूकदारांप्रमाणे विवरणात होईलच. सरकारचे यात काहीही बुडत नाही, कारण हे पैसे त्याला आज ना उद्या परतच करायचे असतात.

या मागण्या आपण जरूर लावून धराव्यात. पण ज्यांच्या स्वतःच्या वहीत कारीगराचे कापलेले पैसे पडून आहेत, त्यांच्या निवेदनाला वजन येणार नाही. आधी आपल्या पेढीचा हिशोब साफ असावा. येत्या ७ तारखेपूर्वी प्रत्येक व्यापारी बांधवाने आपली मजुरीची खाती एकदा उघडून पाहावीत: कोणाचे किती कापले, त्यातले किती भरले, आणि दाखला कोणाच्या हातात पोहोचला.